पाचशे चौरस फुटांत गडद रंग: किती, कुठे आणि का

२०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेली माणसं ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. गिरगाव, लालबाग, कन्नमवार नगर, टिळक नगर, जिकडे पाहावं तिकडे पुनर्विकासाची घरं ताब्यात येत आहेत. बिल्डरने भिंती पांढऱ्या करून दिलेल्या असतात आणि सामान लागायच्या आतच वाद सुरू होतो. मुलीला हॉलची एक भिंत मोरपंखी हवी असते. बाबा विचारतात, ‘घर आहे की हॉटेल?’ आणि एखादी मावशी ठामपणे सांगते, लहान घरात पांढऱ्याशिवाय दुसरा रंग देऊच नये, घर अजून लहान दिसतं.

मावशींच्या बाजूने आता परदेशी कौलही आहे. पँटोन ही अमेरिकन कंपनी २००० सालापासून दर वर्षी ‘वर्षाचा रंग’ जाहीर करते. २०२६साठी तिने ‘क्लाउड डान्सर’ हा पांढरा निवडला. त्यामुळे ‘सगळं पांढरंच ठेवा’ हा सल्ला सध्या जोरात आहे. माझ्या मते तो अर्धा खरा आहे. कुठला अर्धा, हे कळलं की गडद रंगाची भीती बरीच कमी होते.

शेडकार्डावरचा दुर्लक्षित आकडा

प्रत्येक रंगाचे तीन गुण असतात. पहिला छटा, म्हणजे निळा, पिवळा, तांबडा वगैरे. दुसरा फिकेपणा: तोच निळा आकाशी आहे की काळपट. तिसरा तीव्रता: रंग झणझणीत आहे की राखाडी मिसळल्यासारखा निवलेला. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगांची ही तिहेरी मांडणी रूढ केली. आपली भांडणं जवळपास नेहमी छटेवरून होतात, ‘निळा की हिरवा’. खोलीवर जास्त परिणाम मात्र उरलेल्या दोन गुणांचा होतो.

फिकेपणा मोजण्यासाठी ‘एलआरव्ही’ नावाचा आकडा वापरतात. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के उजेड ती परत खोलीत टाकते, एवढाच त्याचा अर्थ. शून्य म्हणजे काळाकुट्ट, शंभर म्हणजे आदर्श पांढरा. डब्यातला नेहमीचा पांढरा ८०च्या वर असतो, गडद नेव्ही ब्लू दहाच्या खाली. बऱ्याच कंपन्यांच्या शेडकार्डावर किंवा वेबसाइटवर हा आकडा मिळतो.

लहान खोलीत हा आकडा फार महत्त्वाचा ठरतो, कारण तिथे उजेड एकदाच आपटून थांबत नाही. या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून छतावर असा तो फिरत राहतो. भिंती ८० टक्के उजेड परत देणाऱ्या असतील तर तीन वेळा आपटल्यावर साधारण ५१ टक्के उरतो. भिंती ५० टक्केवाल्या असतील तर तीन फेऱ्यांनंतर उरतो साडेबारा टक्के. म्हणजे शेडकार्डावर ‘थोडासाच गडद’ वाटलेला रंग चारही भिंतींना दिला की खोली बरीच अंधारी होऊ शकते. शिवाय प्रत्येक फेरीत उजेड त्या रंगाचा होत जातो, त्यामुळे दोन इंचांच्या चौकोनात सौम्य दिसलेला रंग चार भिंतींवर भडक दिसतो. म्हणूनच ‘कार्डावर असा नव्हता’ ही तक्रार येते. बहुतेक वेळा डबा बरोबरच असतो.

मग पांढऱ्याने घर मोठं दिसतं ना?

दिसतं, पण एका मर्यादेत. जर्मनीतल्या माइन्त्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. छत जितकं फिकं तितकी खोली उंच वाटते आणि भिंतीही फिक्या असल्या तर त्यात भर पडते, असं त्यांना आढळलं. फरशीच्या फिकेपणाने उंचीच्या अंदाजात फरक पडला नाही. नऊ-साडेनऊ फुटांच्या छताखाली राहणाऱ्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी: छताला हात लावू नये, ते पांढरंच राहू द्यावं. रंगाची हौस खालच्या अंगाला भागवावी.

पण पांढरा रंग उजेड तयार करत नाही, आलेला उजेड परत देतो. दुसऱ्या मजल्यावरची खोली, समोर पंधरा फुटांवर शेजारच्या बिल्डिंगची भिंत आणि मधे डक्ट, अशा ठिकाणी दिवसाही मोजकाच उजेड येतो. तिथे पांढरी भिंत पांढरी दिसतच नाही. कोपऱ्यांत ती राखाडी होते आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर मळकी. अशा खोलीत मोठेपणाचा हट्ट सोडून ऊब मिळवणं शहाणपणाचं असतं. फिका केशरी, सायीचा किंवा हळदीचा हलका रंग तिथे पांढऱ्यापेक्षा जिवंत दिसतो.

आणि मुंबईची जुनी घरं कधी अशी कोरी पांढरी नव्हतीच. चाळीतली खोली आठवा. चुन्यात चिमूटभर नीळ किंवा हिरवा घालून दिलेला वरचा रंग आणि खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत ऑइलपेंटचा गडद पट्टा. मुलांचे हात, पाठी टेकून बसणं, चुलीची काजळी, सगळं खालीच लागायचं आणि ऑइलपेंट ओल्या फडक्याने पुसता यायचा. जिथे हात लागतो तिथे गडद, जिथून उजेड हवा तिथे फिका. दहा बाय बाराच्या खोलीसाठी याहून चांगली योजना मला सापडलेली नाही. जमिनीवर अनेक ठिकाणी नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या असत. भारत फ्लोअरिंग्ज ही मुंबईची कंपनी १९२२पासून अशा लाद्या करते आहे. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाकडेच्या आर्ट डेको इमारती, ज्या २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांतल्या कितीतरी इमारतींवर फिकट अंगावर छज्जांच्या आणि बाल्कन्यांच्या कडेने रंगीत पट्टे दिसतील. खोताच्या वाडीतली लाकडी घरं तर उघडच रंगीत. गडद रंगाची फॅशन काल बाहेरून आली असं म्हणणाऱ्यांनी गिरगावात एक फेरी मारावी.

उजेड बदलला की रंग बदलतो

दादरच्या मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेणारी बाई कापड आणि साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर येते, दिवसाच्या उजेडात धरून बघते. ती जे करते त्यामागे भौतिकशास्त्र आहे. दोन रंग एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्यात वेगळे दिसतात, कारण प्रत्येक उजेडात लाल, पिवळ्या, निळ्या किरणांचं प्रमाण निराळं असतं. भिंतीच्या रंगाचंही हेच. पण साडी पायरीवर नेता येते, भिंत नेता येत नाही.

दिव्यांच्या खोक्यावर दोन गोष्टी वाचाव्यात. एक, केल्विनचा आकडा, म्हणजे दिव्याचा उजेड पिवळसर आहे की निळसर त्याचं माप. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, आपल्या घरोघरच्या ट्यूबलाइटचा. ३००० म्हणजे पिवळसर. ४००० मधला. विटकरी, मोहरी, गेरू हे रंग ६५००च्या उजेडाखाली निस्तेज होतात आणि ३०००मध्ये खुलतात. निळे-हिरवे रंग पिवळसर उजेडात थोडे मळतात. दुसरी गोष्ट म्हणजे सीआरआय, दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचे शंभरपैकी गुण. ८० चालतो, ९०च्या वरचा चांगला. स्वस्त एलईडीमध्ये लाल रंग हमखास मार खातो, म्हणून हौसेने लावलेली डाळिंबी भिंत रात्री तपकिरी दिसते. माझा आग्रह असा की रंगाचा डबा घेण्याआधी हॉलचे दिवे ठरवा. बहुतेक घरांत उलटं होतं.

दिवसाच्या उजेडाबाबत इंटरनेटवरचा सल्ला जपून घ्या. ‘उत्तरेच्या खोलीत ऊन येतच नाही, तिथला उजेड नेहमी थंड’ हे लंडनसाठी ठीक आहे. मुंबई सुमारे १९ अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य इथे माथ्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही ऊन येऊ शकतं. शिवाय जून ते सप्टेंबर ढगाळ, निळसर करडा उजेड. वर्षातले चार महिने हा उजेड असणार असेल तर रंग त्यातही बघायला हवा. समोरच्या टॉवरचा रंगही तुमच्या भिंतीवर पडतो. खिडकीसमोर मोठं झाड असेल तर खोलीत हिरवट झाक येते आणि फिका गुलाबी तिथे आजारी दिसतो.

म्हणून नमुना भिंतीवर थेट मारू नका. दोन फूट बाय दोन फूट प्लायवर किंवा जाड पुठ्ठ्यावर आधी प्रायमर, मग रंगाचे दोन हात मारा. तो तुकडा सकाळी खिडकीजवळ, दुपारी कोपऱ्यात, रात्री ट्यूबखाली, सोफ्यामागे आणि फरशीला लावून बघा. भिंतीवर मारलेल्या ठिपक्याभोवती जुना रंग असतो आणि तो नव्या रंगाबद्दल तुमची दिशाभूल करतो.

शेजारचा रंग काय करतो

ही दिशाभूल का होते, त्याचा उलगडा पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात झाला. तिथे भिंतीवर टांगायची विणकामं होत. रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल १८२४ साली तिथल्या रंगखात्याचे प्रमुख झाले. तक्रार होती की काळा धागा फिका पडतो. त्यांनी तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तो तसा दिसत होता. १८३९ साली त्यांनी नियम मांडला: शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना विरुद्ध दिशेला ढकलतात. लालशेजारी राखाडी थोडी हिरवट दिसते, गडदाशेजारी फिका आणखी फिका.

घरात याचा उपयोग सरळ आहे. बिल्डरने दिलेली फरशी बहुतेक ठिकाणी क्रीम किंवा पिवळसर व्हिट्रिफाइड असते. तिच्यावर निळसर पांढऱ्या भिंती केल्या की फरशी जुनाट पिवळी दिसू लागते आणि घरमालकीण बिचारी फरशी घासत बसते. भिंतीचा पांढरा किंचित सायीकडे झुकवला की फरशी सुधारते. सागाच्या फर्निचरमागे गडद हिरवी किंवा मोरपंखी भिंत लाकडाचा तांबूसपणा वर आणते. तेच फर्निचर विटकरी भिंतीपुढे हरवून जातं.

किती रंग?

इंटेरिअरवाले साठ-तीस-दहा सांगतात: साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के जोडीचा, दहा टक्के ठळक. हा अनुभवातून आलेला ढोबळ हिशेब आहे, मोजपट्टी घेऊन बसू नये. आपल्याला तो पैठणीवरून पटकन कळतो. अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या, आणि सगळी कारागिरी पदरावर. मोरपंखी अंगाला डाळिंबी काठ शोभतो, कारण विरुद्ध रंग एकमेकांना उठाव देतात, पण अंगभर पदर कोणी विणत नाही. भिंती आणि छत हे घराचं अंग, पडदे-सोफा काठ, आणि पदर एकाच जागी.

भडकपणा रंगात नसतो, क्षेत्रफळात असतो. टोकाचा झणझणीत पिवळा दरवाजाच्या आतल्या बाजूला सुरेख दिसेल. तोच नव्वद चौरस फुटांवर डोळ्यांना टोचेल. मोठ्या जागेवर गडद हवा असेल तर तीव्रता उतरवा: झगझगीत निळ्याऐवजी धुरकट निळा, पोपटीऐवजी शेवाळी. एका हॉलमध्ये एकच ठळक जागा पुरे. टीव्हीची भिंत जांभळी, समोर नक्षीचा वॉलपेपर आणि वर फॉल्स सीलिंगमध्ये लाल पट्टी असं झालं की नजर कुठे थांबवायची तेच कळत नाही.

नेमका कुठे?

खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत गडद करू नका. उजळ खिडकीभोवती काळपट भिंत म्हणजे डोळ्यांना सतत उजेड-अंधाराचा धक्का. त्या भिंतीला फिका द्या. गडदासाठी खिडकीसमोरची भिंत घ्या, कारण तिच्यावर थेट उजेड पडतो आणि रंग खरा दिसतो. बाजूची भिंतही चालेल, पण खिडकीजवळचा भाग उजळ आणि लांबचा काळपट असा फरक तिच्यावर दिसेल.

आपले हॉल बहुधा लांबट असतात, दहा बाय सोळा वगैरे. लांबच्या टोकाची अरुंद भिंत गडद केली तर ती जवळ आल्यासारखी वाटते आणि खोली बोगद्यासारखी न दिसता आटोपशीर दिसते. लांब भिंत गडद केली तर खोली अजून चिंचोळी वाटू शकते.

भिंत सोडूनही जागा आहेत, आणि लहान घरात त्याच मला जास्त आवडतात. उघड्या शेल्फची मागची बाजू. देवघराच्या मागचा चौकोन, जिथे समईच्या पिवळ्या उजेडात गेरू किंवा कुंकवाचा रंग खुलतो. ओट्यावरच्या टाइल्सची एक ओळ. पॅसेजच्या टोकाचा तीन फुटांचा तुकडा, जिथे उजेड कमी असेल तर मरून टाळा, तो काळाच दिसतो. बेडरूममध्ये पलंगामागे चार फुटांपर्यंतच रंग आणि वर पांढरा, म्हणजे चाळीतला तो पट्टाच, फक्त मास्किंग टेप लावून सरळ रेषेत.

‘चार महिन्यांत कंटाळा आला तर?’

येऊ शकतो, म्हणून एकाच भिंतीवर प्रयोग करायचा. नव्वद चौरस फुटांच्या गुळगुळीत भिंतीला चांगल्या इमल्शनचा एक लिटरचा डबा साधारण दोन हातांना पुरतो. गडद छटेला बऱ्याचदा तिसरा हात लागतो, कारण तिच्यात भिंत झाकणारा पांढरा घटक, टायटॅनियम डायऑक्साइड, कमी असतो. नंतर गडदावरून पांढऱ्यावर यायचं तर आधी प्रायमरचा हात द्यावाच लागेल. पेंटर ‘तसाच मारतो’ म्हणाला तरी ऐकू नका, खालचा रंग डोकावतो.

फिनिशबद्दलही एवढंच: गडद मॅटवर हात घासला की चकाकणारे डाग पडतात, आणि गडद चकचकीतमध्ये पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. मुलं असतील तर मधला, किंचित चमकणारा घ्या आणि पुट्टी नीट घासून घ्या.

‘लाल रंगाने घरात भांडणं होतात म्हणे’

रंगांच्या मनावरच्या परिणामांबद्दल फार ठाम बोललं जातं. १९७९ साली अमेरिकेत सिएटलच्या एका लष्करी कोठडीत भिंती गुलाबी करून कैदी शांत होतात असा दावा झाला, आणि तो रंग ‘बेकर-मिलर पिंक’ नावाने गाजला. पुढे काटेकोर चाचण्या घेतल्या तेव्हा तो परिणाम दिसला नाही. तीव्र रंग मोठ्या जागेवर असला की थकवा जाणवतो, हे अनेकांचा अनुभव सांगतो. पण ‘अमुक रंग, अमुक स्वभाव’ असे तक्ते पाहून आईला आवडणारा लाल रद्द करू नका. घरातल्या कोणाची वास्तूवर श्रद्धा असेल तर गडद जागा त्या दिशेला हलवता येते. एकच जागा असण्याचा हा आणखी एक फायदा.

‘आमच्याकडे ओल येते’

मग त्या भिंतीला गडद रंग अजिबात नको. मुंबईत पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेकडच्या बाहेरच्या भिंती जास्त पाणी पितात. भिंतीतले क्षार पाण्याबरोबर वर येऊन पांढरी बुरशीसारखी पूड जमते. पांढऱ्या रंगावर ती लपते, गडदावर ओरडून दिसते. गडद रंग दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीला द्या. पाऊस संपून भिंती सुकल्यावर, नवरात्रीनंतर काम काढा. नव्या इमारतीत आणखी एक अडचण असते: ताजं प्लास्टर अल्कधर्मी असतं, ते काही रंगद्रव्यांना खातं आणि ओलही सोडत राहतं. ताबा मिळाल्याबरोबर गडद रंग देण्यापेक्षा एक पावसाळा जाऊ द्या. कुठे ओल येते ते भिंतच दाखवेल.

‘घर भाड्याचं आहे’

अकरा महिन्यांच्या करारात भिंतीला हात लावायची परवानगी बहुधा नसते, आणि डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जाण्याची भीती असते. अशा घरात कापड कामाला लावा. सात फूट उंच आणि सहा फूट रुंद पडदा म्हणजे ४२ चौरस फूट रंग, हॉलच्या छोट्या भिंतीचा जवळपास अर्धा भाग. तो घर बदलताना सोबत येतो. खणाचं कापड प्लायच्या फ्रेमवर ताणून सोफ्यामागे टेकवलं की खिळाही लागत नाही. सतरंजी, चादर, दिव्याची शेड यांतून तोच रंग दोन ठिकाणी परत आणा. चिकटवायचा वॉलपेपर मात्र पावसाळ्यात जपून, त्यामागे ओल धरते आणि काढताना पुट्टीही सोबत येऊ शकते. आणि काहीही घ्यायच्या आधी घरमालकाने लावलेली ६५००ची ट्यूब बघा. ती काढून ठेवून ४०००ची लावा आणि सोडताना जुनी परत बसवा. इतक्या कमी खर्चात घराचे सगळे रंग सुधारणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.